मुठीवरची अर्धी गोष्ट

काळ्या धातूची एक चकती. तळहातावर मावेल एवढी, सात-आठ सेंटिमीटरची. तिच्यावर वाऱ्याने वाकलेलं गवत कोरलंय, गवतात दोन-चार हाडं विखुरली आहेत आणि एका कडेला कवटी पडली आहे. ही चकती जपानी तलवारीची आहे म्हटल्यावर पाहणारा लगेच ठरवून टाकतो, की समोरच्याला धडकी भरावी म्हणून कवटी. माझ्या भाचीनेही टोकियोत काचेला नाक लावून हेच सांगितलं होतं. "मावशी, ट्रकच्या मागे राक्षसाचं तोंड लावतात ना, तसलं."

या नक्षीला जपानीत नोझाराशी म्हणतात. रानात, ऊनपावसात उघडं पडलेलं. ती कवटी शत्रूची नव्हे, तलवार बाळगणाऱ्याची स्वतःची. असाच एक दिवस आपणही कुठल्यातरी माळावर पडून असू आणि डोळ्यांच्या खोबणीतून गवत उगवेल, हे त्याने सोनाराकडून पैसे मोजून कोरून घेतलेलं असे आणि रोज कमरेला लावून तो कचेरीत जात असे. कचेरीत हा शब्द मी मुद्दाम वापरतेय. सतराव्या शतकाच्या मध्यापासून जपानातला बहुतेक सामुराई हा सरदाराच्या पदरी हिशोब, जमाबंदी, पत्रव्यवहार बघणारा कारकून होता.

मला हे सगळं आवडायला लागलं तेच मुळी पात्याशी न जमल्यामुळे. जपानी तलवारीचे दर्दी लोक पात्याच्या धारेवरची ती धुक्यासारखी रेघ बघत अर्धा अर्धा तास उभे राहतात. मी प्रामाणिकपणे उभी राहिले. मला पोलाद दिसलं. उत्तम पोलाद, पण पोलादच. मग शेजारच्या कपाटात ठेवलेल्या बारक्या बारक्या वस्तूंकडे लक्ष गेलं, ज्यांच्यापुढे फारसं कुणी थांबत नव्हतं, आणि तिथून मी हलले नाही.

या वस्तू कोणत्या ते थोडक्यात सांगते, कारण पुढे नावं येत राहतील. आपल्याकडच्या तलवारीत हाताच्या बचावाचं जे काम परज करते, ते जपानी तलवारीत त्सुबा करते. पातं आणि मूठ यांच्या मधोमध बसवलेली ती चकती. मुठीच्या तोंडाशी एक कडं असतं, ती फुची. दुसऱ्या टोकाला टोपी, ती काशिरा. मुठीवर दोन बाजूंना, रेशमी पट्ट्यांच्या गुंडाळीखाली, बोटाच्या पेराएवढ्या दोन कोरीव आकृत्या बसवलेल्या असतात, त्या मेनुकी. त्या अर्ध्या दिसतात, अर्ध्या पट्ट्यांखाली दडतात. शिवाय म्यानाच्या कडेला खोचलेला एक छोटा चाकू असतो. त्याची मूठ म्हणजे कोझुका. आणि केस सारखे करायची सळई, कोगाई. एवढ्याशा जागांवर जपानी धातुकारांनी तीन-चारशे वर्षं आपला जीव ओतला.

का ओतला, याचं उत्तर शांततेत आहे. 1615 मध्ये ओसाकाचा किल्ला पडला, 1637-38 मध्ये शिमाबाराचं बंड मोडलं गेलं, आणि त्यानंतर दोनशेहून अधिक वर्षं जपानात मोठं युद्ध झालं नाही. पण कमरेला लांब आणि आखूड अशा दोन तलवारी लावण्याचा मान सामुराईकडेच राहिला. ती लावायची, मात्र उपसायची नाही. 1701 साली आसानो नागानोरी नावाच्या सरदाराने एदोच्या, म्हणजे आजच्या टोकियोच्या, किल्ल्यात एका अधिकाऱ्यावर हत्यार उगारलं, तर त्याच दिवशी त्याला स्वतःचं पोट फाडून घ्यायला लावलं गेलं. म्हणजे उत्तम पातं असलं तरी ते जन्मभर म्यानात. जगाला दिसायची ती मूठ, त्सुबा, म्यान. अंगठ्या, कंठ्या, कडी घालायची रीत त्या पुरुषांत नव्हती. जी काही हौस, जी काही आवडनिवड, जो काही चारचौघांत न बोलता येणारा विचार असेल तो या दोन-तीन इंचांत मांडायचा.

आणि इथे एक गंमत आहे, जी मला बऱ्याच उशिरा उमगली. त्सुबाला दोन बाजू असतात. मुठीकडची दर्शनी, ती ओमोते. पात्याकडची मागची, ती उरा. तलवार कमरेला असते तेव्हा मूठ पुढे आलेली असते, त्यामुळे दर्शनी बाजू रस्त्याने समोरून येणाऱ्याला दिसते आणि मागची बाजू म्यानाकडे, धन्याच्या अंगाकडे वळलेली असते. तलवार उपसली की सगळं उलटं होतं. आता दर्शनी बाजू धन्याच्या डोळ्यांपुढे येते आणि मागची शत्रूच्या. शांततेत जे जगाला दाखवायचं, तेच लढाईत स्वतःला बघायचं. कारागिरांना या दोन बाजूंची पूर्ण जाण होती. पुष्कळ त्सुबांवर चित्र पुढून सुरू होतं आणि कडेवरून वळसा घेत मागे संपतं. पुढे झाडाचं खोड, मागे त्याची फांदी. पुढे उडणारे रानहंस, मागे नुसता चंद्र. एका नजरेत पूर्ण चित्र दिसणारच नाही अशी सोय.

अर्धं दाखवायचं, उरलेलं बघणाऱ्याने आपल्या ठेव्यातून भरायचं. या कलेतल्या प्रतीकांचं मर्म मला तरी इथेच सापडतं. त्यामुळे संग्रहालयातल्या पाट्या वाचताना माझी थोडी चिडचिड होते. ड्रॅगन म्हणजे सामर्थ्य, सारस म्हणजे दीर्घायुष्य, पाइन म्हणजे चिवटपणा. कोशातल्यासारखे अर्थ. चूक नाहीत, पण अशाने त्या माणसांचं बोलणं कळत नाही.

चतुराचंच घ्या. पावसाळ्याच्या शेवटी आपल्याकडे झुंडीने उडतो तो चतुर. जपानात त्याला काचिमुशी म्हणत, विजयाचा किडा, कारण तो सरळ पुढे जातो, मागे फिरत नाही अशी समजूत. शिवाय युर्याकु सम्राटाची जुनी कथा आहे. शिकारीत एक गोमाशी त्याच्या दंडाला चावली आणि त्याच क्षणी चतुराने झडप घालून ती माशी उचलली. सम्राट खूश झाला आणि जपानच्या भूमीला चतुराचं नाव जोडलं गेलं. तेव्हापासून शिरस्त्राणांवर, भात्यांवर, त्सुबांवर चतुर येतो. आता कीटक अभ्यासणारे सांगतील, की चतुर चांगला मागेही उडू शकतो. सामुराईला कुणी हे सांगितलं असतं तर त्याने ते ऐकून घेतलं असतं आणि चतुर तसाच ठेवला असता.

चतुरापेक्षा मला मँटिस जास्त आवडतो, पुढचे दोन पाय जोडून उभा राहणारा तो हिरवा कीटक. मुठीवर तो बऱ्याचदा एखाद्या रथाच्या चाकाशी दिसतो. मूळ गोष्ट चिनी आहे. छी राज्याचा राजा रथातून शिकारीला निघाला, तर वाटेत एक मँटिस चाकासमोर पाय उगारून उभा. राजाने विचारलं, हा कोण? सारथी म्हणाला, याला पुढे जाणं ठाऊक आहे, मागे हटणं ठाऊक नाही. राजा म्हणाला, हा माणूस असता तर जगातला सर्वांत शूर योद्धा झाला असता, आणि त्याने रथ बाजूने काढला. पण चीनमध्येच हीच गोष्ट दुसऱ्या तऱ्हेनेही सांगतात. त्या सांगण्यात मँटिस हा स्वतःची ताकद न ओळखणारा मूर्ख आहे आणि चाक त्याला चिरडून जातं. मग एखाद्याने आपल्या तलवारीवर मँटिस आणि चाक कोरून घेतलं, तर तो काय म्हणत होता? मी रथापुढे उभा राहीन, असं? की मी रथापुढे उभा राहणारा एक किडा आहे, असं? पाटीवर लिहितात, 'शौर्याचं प्रतीक'. त्या माणसाने दोन्ही अर्थ ठाऊक असताना ते चित्र निवडलं असेल, तर त्याच्या मनातला तो कडवट विनोद पाटीने पुसून टाकला.

असाच एक मासा आणि भोपळा. जोसेत्सु नावाच्या चित्रकार भिक्षूने 1415 च्या सुमारास शोगुन, म्हणजे जपानचा लष्करी सत्ताधीश, आशिकागा योशिमोची याच्या सांगण्यावरून एक चित्र काढलं, जे आज क्योतोच्या ताइझो-इन या मठाच्या मालकीचं आहे. गुळगुळीत दुध्या भोपळा हातात धरून एक माणूस ओढ्यातला बुळबुळीत मासा पकडायला बघतोय. भोपळ्याने मासा कसा पकडणार? तीसहून अधिक भिक्षूंनी त्या चित्रावर आपापली कविता लिहिली, आणि कोडं सुटलं नाही. पुढे हा भोपळा आणि हा मासा तलवारीच्या साजावर वरचेवर दिसू लागतात. शस्त्र कमरेला लावून फिरणाऱ्या माणसाने, या शस्त्राने जे धरायचं आहे ते धरता येणार नाही, असा विनोद त्याच शस्त्रावर कोरून घेतला. मला ही माणसं यासाठी आवडतात.

आता थोडं धातूंविषयी, कारण प्रतीकं नुसत्या आकारात नसतात. जुने त्सुबा बहुतेक लोखंडी. पण पुढे तांब्याच्या मिश्रधातूंनी राज्य केलं. शाकुदो म्हणजे तांब्यात साधारण तीन ते पाच टक्के सोनं. सोनं घातलं म्हणजे पिवळं व्हायला हवं, पण पुढे सांगते त्या पाण्यातून काढला की हा धातू काळा होतो, आणि त्या काळ्यात जांभळी झाक असते, पावसात भिजलेल्या कावळ्याच्या पिसासारखी. शिबुइची म्हणजे तांब्यात चौथा हिस्सा चांदी, निदान नावापुरती. तिचा रंग धुकट, राखाडी, रात्रीच्या आभाळाचा. चंद्र आणि पाणी कोरायचं असेल तर कारागीर शिबुइचीकडे वळतो, यात नवल नाही.

हे रंग वरून लावलेले नसतात. घडवून झालेली वस्तू किसलेल्या पांढऱ्या मुळ्याच्या रसात बुडवतात आणि मग मोरचुदासारख्या तांब्याच्या क्षारांच्या उकळत्या पाण्यात हलवत राहतात. पृष्ठभागावर केसापेक्षा कितीतरी पातळ थर तयार होतो आणि त्या एकाच पाण्यातून सोनं पिवळंच बाहेर येतं, चांदी पांढरी, तांबं लालसर, शाकुदो काळा, शिबुइची करडी. आपल्या शेजारच्या बिदरच्या कारागिरांचा याच्याशी काही संबंध नाही, पण बिदरी कामातही जुन्या किल्ल्यातली माती पाण्यात कालवून जस्ताचा मिश्रधातू काळा करतात आणि चांदी तशीच लखलखीत राहते. दोन्हीकडे कारागिराला हे ठाऊक आहे की रंग धातूच्या पोटातून काढायचा.

शाकुदोच्या काळ्या पार्श्वभूमीवर दाण्यांची जी नक्षी असते, तिला नानाको म्हणतात. माशाच्या अंड्यांसारखे अगदी बारीक, मिलिमीटरपेक्षाही लहान गोल ठिपके, ओळीत, एकेक ठोका मारून. हजारो ठोके, आणि एक ठोका वाकडा गेला तरी कळतो. हे काम करणारे वेगळे कारागीर असत. त्यांची नावं बहुतेक वेळा कुठेच नसतात.

नावं उरली ती गोतो घराण्याची. पहिला गोतो यूजो (1440-1512) हा शोगुन आशिकागा योशिमासाच्या पदरी होता आणि त्याच्यापासून सतरा पिढ्या हे घराणं सत्ताधाऱ्यांचं काम करत राहिलं. कोझुका, कोगाई आणि मेनुकी या तिघांचा एकाच हाताचा, एकाच विषयाचा संच करायची रीत त्यांनी रुळवली. शाकुदो, सोनं, ड्रॅगन, सिंह. सगळं रुबाबदार, नेमस्त. दरबारात जाताना सामुराईने असलाच साज लावायचा, काळं म्यान आणि गोतोचं काम, असा दंडक होता. खरं सांगू, गोतोच्या कामापुढे मी मान तुकवते, पण रमत नाही. सरकारी भाषेसारखं आहे ते, निर्दोष आणि अनामिक.

मजा येते ती गावातल्या कारागिरांत. सतराव्या शतकाच्या अखेरीला एदोतले व्यापारी गब्बर झाले होते. त्यांनाही आखूड तलवार बाळगायची मुभा होती आणि त्यांना दरबारी शिस्तीचं काही पडलेलं नव्हतं. योकोया सोमिन (1670-1733) याने गोतोंच्या चौकटीतून बाहेर पडून छिन्नी तिरकी धरली. अशा कोरणीत रेघेची एक कड उभी उतरते आणि दुसरी उताराने, त्यामुळे प्रकाश पडला की रेघ कुंचल्याने ओढल्यासारखी जाडबारीक दिसते. हानाबुसा इच्चो हा चित्रकार त्याचा मित्र, आणि त्याच्या चित्रांवरून सोमिन धातूवर काम करी. त्याच साली जन्मलेला त्सुचिया यासुचिका (मृत्यू 1744) तर धातूंची सरमिसळ करून खट्याळपणा करणारा. याच काळापासून मुठीवर गोगलगाय आली, कोळ्याचं जाळं आलं, पावसात भिजणारा माणूस आला.

आणि गोष्टी आल्या. हेइके आणि गेंजी या दोन घराण्यांमधल्या युद्धाच्या गोष्टी जपानात घरोघरी ठाऊक. 1184 मध्ये इचिनोतानीच्या लढाईत हेइकेंचा पराभव झाला, ते नावांकडे पळाले. कुमागाई नाओझाने नावाच्या गेंजी योद्ध्याने पाण्यात घोडा घातलेला एक उमदा वीर पाहिला आणि पंखा उंचावून त्याला हाक मारली, पाठ दाखवतोस? तो वीर माघारी फिरला. कुमागाईने त्याला घोड्यावरून खाली ओढलं, शिरस्त्राण काढलं, तर सोळा-सतरा वर्षांचा पोरगा, कुमागाईच्या मुलाच्या वयाचा. त्याला सोडावं असं वाटलं, पण मागून आपलेच लोक येत होते. त्याने त्याला मारलं, आणि मग त्या पोराच्या कमरेला बासरी सापडली. त्याचं नाव आत्सुमोरी. कुमागाई पुढे संन्यासी झाला.

या प्रसंगाच्या मेनुकीच्या जोड्या घडवल्या गेल्या. एक मेनुकी म्हणजे किनाऱ्यावर पंखा उंचावलेला कुमागाई. दुसरी म्हणजे लाटांत वळून बघणारा घोडेस्वार आत्सुमोरी. या दोन आकृत्या मुठीच्या दोन विरुद्ध बाजूंना बसतात. एका वेळी एकच दिसते. हाक मारणारा दिसतो तेव्हा ज्याला हाक मारली तो दिसत नाही. मात्र मूठ आवळली की दोघेही एकाच तळव्यात येतात. पुस्तकांत मेनुकींबद्दल लिहितात, की पकड चांगली यावी म्हणून त्यांचा उठाव उपयोगी पडतो. पडत असेल. पण त्या उठावात एक बाप आणि एक पोर असताना पकड नुसती पकड कशी राहील, ते मला सांगता येत नाही.

गोष्टीतली माणसं अजिबात न दाखवण्याचीही एक तऱ्हा आहे. जपानी लोक तिला रुसु-मोयो म्हणतात, गैरहजेरीची नक्षी. लाखकामात, किमोनोवर आणि धातूतही ती चालते. लाटांवर उडालेला पंखा आणि एक बाण कोरला की बस. पाहणाऱ्याने ओळखायचं, की हा नासु नो योइची. 1185 मध्ये याशिमाला शत्रूच्या नावेवर काठीला लावलेला पंखा त्याने घोड्यावरून एका बाणात उडवला. योइची नाही, घोडा नाही, नाव नाही. नुसती थैली आणि हातपंखा दिसला तर तो पोटवाला होतेइ, आपण ज्याला लाफिंग बुद्धा म्हणतो तो, नुकताच उठून कुठेतरी गेलाय. ज्याला गोष्ट माहीत नाही त्याला पंखा दिसतो आणि तो पुढे जातो. ज्याला माहीत आहे तो क्षणभर थांबतो, आणि तेवढ्यात त्या तलवारवाल्याची आणि त्याची ओळख झालेली असते.

या सगळ्यात आपल्याकडून गेलेलंही बरंच आहे. सिंहांच्या मेनुकीची जोडी पाहा. एका सिंहाचं तोंड उघडं, दुसऱ्याचं मिटलेलं. उघड्या तोंडाचा 'अ', मिटलेल्याचा 'हूं'. संस्कृत वर्णमालेचा आरंभ आणि मंत्राचा शेवट, बौद्ध धर्माबरोबर चीनमार्गे जपानात गेलेला. तलवारीभोवती वेटोळं घालून तिचं टोक गिळणारा ड्रॅगन हा फुदो म्योओचा, म्हणजे भारतातून गेलेल्या अचल या देवतेचा अवतार मानतात. पात्यांवर तर सिद्धम् लिपीतली बीजाक्षरं कोरलेली असतात. ही लिपी भारतात केव्हाच वापरातून गेली, जपानच्या मठांत टिकली. तसा अक्षर कोरलेला एखादा नमुना पाहताना देवनागरी वाचणाऱ्या डोळ्यांना त्यात ओळखीचा अनुस्वार दिसतो आणि अंगावर काटा येतो. रानडुक्कर कोरलेलं असेल तर तिथे मारीची आहे असं समजायचं. डुकरांच्या रथातून फिरणारी ती देवी सामुराईंची लाडकी होती, जपानीत मारिशितेन.

गोव्याचाही धागा आहे, पण तो सांभाळून धरावा लागतो. फ्रान्सिस झेवियर 1549 मध्ये गोव्याहून निघाला आणि कागोशिमाला उतरला. त्याच्याबरोबर अंजिरो नावाचा जपानी माणूस होता, ज्याचा बाप्तिस्मा आदल्या वर्षी गोव्यात झाला होता. पुढे धर्मबंदी आली, ख्रिस्ती लोक लपून राहू लागले, आणि म्हणून आज एखाद्या त्सुबावर क्रूस दिसला की संग्राहकांना लगेच लपलेला ख्रिस्ती दिसतो. तशी वस्तू महागही विकली जाते. पण झेवियर ज्या कागोशिमात उतरला, तिथल्या शिमाझु सरदारांचं घराण्याचं चिन्हच मुळी वर्तुळातला क्रूस होतं. ख्रिस्ताशी त्याचा काही संबंध नव्हता. म्हणजे क्रूस असलेला त्सुबा हा निष्ठावंत शिमाझु सैनिकाचाही असू शकतो आणि जीव मुठीत धरून प्रार्थना करणाऱ्या माणसाचाही. धनी कोण हे ठाऊक नसेल तर चिन्ह मुकं राहतं. किंमत चढवण्यासाठी त्याला बोलतं करू नये, एवढंच माझं म्हणणं.

ज्यांना नानबान त्सुबा म्हणतात, दाक्षिणात्य परदेशी म्हणून, ते लोखंडात खोल पोकळी करून कोरलेल्या वेलींचे आणि ड्रॅगनचे. त्यांची तऱ्हा पोर्तुगीजांपेक्षा चिनी आणि डच व्यापारातून नागासाकीला आली आणि मग जपानी कारागिरांनी उचलली. काहींवर डच कंपनीची व्ही-ओ-सी ही जोडलेली अक्षरंसुद्धा दिसतात. उलट दिशेनेही माल गेला. शाकुदोच्या धर्तीवर काळ्या-सोनेरी मुठी युरोपी साहेबांच्या बारीक तलवारींसाठी घडवल्या गेल्या.

इतकं सगळं कोरीव बघून झालं, की मला हिगोकडे यावंसं वाटतं, आजच्या कुमामोतोकडे. तिथला सरदार होसोकावा तादाओकी (1563-1646) हा चहाविधीचा गुरू सेन नो रिक्यूच्या सात पट्टशिष्यांपैकी एक. त्याच्या वळणावर घडलेल्या हिगोच्या कारागिरांनी सोनं कमी केलं, लोखंड पुढे आणलं. हायाशी माताशिची हा मुळात बंदुका घडवणारा, पण त्याच्या लोखंडी त्सुबाचा पोत साय धरलेल्या दुधासारखा मऊ दिसतो. मियामोतो मुसाशी आयुष्याच्या शेवटी, 1640 पासून 1645 मध्ये मरेपर्यंत, इथेच होता. त्याच्या नावावर सांगितला जाणारा त्सुबा म्हणजे लोखंडात कापलेली दोन लांबट भोकं, समुद्रकाकडी नावाच्या समुद्रजीवाच्या आकाराची. बाकी काही नाही. ड्रॅगन नाही, कथा नाही. साठहून अधिक द्वंद्वं लढल्याचं सांगणारा माणूस, आणि त्याच्या नावाशी जोडलेल्या चकतीवर चिखलातला एक निर्बुद्ध प्राणी. याचा अर्थ काय यावर मी पुष्कळ वाचलं आणि एकाही स्पष्टीकरणाने माझं समाधान झालं नाही, याचं मला बरंच वाटतं.

28 मार्च 1876 ला, शोगुनांची सत्ता गेल्यावर आलेल्या मेइजी सरकारने हुकूम काढला, की सैनिक, पोलीस आणि दरबारी अधिकारी वगळता कुणीही चारचौघांत तलवार लावायची नाही. एका दिवसात शेकडो कारागिरांचं गिऱ्हाईक संपलं. त्याच वर्षी गोतो इचिजो, त्या घराण्यातला शेवटचा थोर कारागीर, पंचाऐंशीच्या घरात असताना वारला. कानो नात्सुओ (1828-1898) याने मात्र हवा आधीच ओळखली होती. नव्या सरकारसाठी नाणी घडवायचं काम त्याच्याकडे आलं होतं, आणि 1871 मध्ये ओसाकाच्या टांकसाळीतून येनची जी नाणी निघाली त्यांवरचा ड्रॅगन त्याच्या हातचा. तलवारीवरचा ड्रॅगन एका माणसाचा असे. हा भाजीवाल्यापासून बँकेपर्यंत सगळ्यांचा झाला. बाकीचे फुलदाण्या, सिगारेटच्या डब्या आणि केसांतल्या काड्या करू लागले. परदेशी प्रदर्शनांत त्या वस्तू गाजल्या. अमेरिकेतल्या टिफनीने जपानी पद्धतीने धातू जोडून चांदीची भांडी काढली आणि 1878 च्या पॅरिस प्रदर्शनात वाहवा मिळवली.

सुट्या झालेल्या साजाचं काय झालं? त्सुबा पेट्या भरभरून युरोप-अमेरिकेत गेले. बोस्टनच्या संग्रहालयात, ऑक्सफर्डच्या अ‍ॅश्मोलियनमध्ये, जिनिव्हात त्यांचे मोठे साठे आहेत. मेनुकींचे तर ब्रोच केले गेले, कफलिंक्स केल्या गेल्या. जोड्या फुटल्या. कुठल्या तलवारीचा कुठला तुकडा, हे आता कुणीच सांगू शकत नाही.

आणि म्हणून संग्रहालयवाल्यांशी माझं एक भांडण आहे. त्सुबा ते भिंतीवर किंवा मखमलीवर चिकटवून ठेवतात, दर्शनी बाजू वर. मागची बाजू दिसत नाही. एका मोठ्या संग्रहालयात मी विचारलं, या रानहंसांच्या मागे काय आहे? तिथल्या माणसाने अदबीने कॅटलॉग काढून दिला. त्यातही दर्शनी बाजूचाच फोटो. दुसरीकडे कुठेतरी एका हुशार माणसाने कपाटाच्या तळाला छोटा आरसा तिरका लावलेला पाहिला होता. तेवढा खर्च प्रत्येकाला परवडेल. तलवार परत येणार नाही, ते रस्ते आणि ते दोन तलवारी लावलेले कारकूनही परत येणार नाहीत, पण उरा तरी दाखवा. रानहंस कुणीही कोरतो. ते कुठे निघालेत, ते मागे लिहिलेलं असतं.